टीव्हीवरच्या हिरव्या रेघेमागचा दरवाजा : जुन्या आर्केड बोर्डासाठी मॉनिटर

जुन्या टीव्हीचा आवाज वाढवला की पडद्याच्या तळाशी एक हिरवी रेघ सरकायची, आठवतंय? केबलवर मुंग्या येत असोत की चित्र फिकं पडलेलं असो, ती रेघ मात्र कायम ठसठशीत, कडा कातरून काढल्यासारख्या. त्याचं कारण असं की ती रेघ केबलमधून येतच नाही. टीव्हीच्या पोटातला मायक्रोकंट्रोलर ती लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वेगळ्या तारांवरून थेट चित्र घडवणाऱ्या आयसीला देतो. अँटेना, ट्यूनर, रंग उलगडणारं सर्किट ही सगळी वरात टाळून ती मागच्या दाराने आत शिरते.

आर्केडचा, म्हणजे गेम पार्लरमधल्या मशीनचा, बोर्ड नेमकं हेच देतो : लाल, हिरवा, निळा (मिळून आरजीबी) आणि सिंक, म्हणजे रेघ आणि चित्र कधी सुरू होतं ते सांगणारी खूण. म्हणजे भंगारात निघालेल्या टीव्हीत आर्केड मॉनिटर आधीपासून दडलेला आहे, आपल्याला फक्त त्या मागच्या दारात एक तार आणून सोडायची आहे. हा लेख त्या तारेचा.

पण आधी स्पष्ट सांगतो. सोल्डरिंग कधी केलं नसेल, मल्टिमीटर धरता येत नसेल, तर हे पहिलं काम म्हणून करू नका. पिक्चर ट्यूबचा टीव्ही उघडणं म्हणजे रेडिओ उघडणं नव्हे. त्यात माणूस मारण्याइतका विजेचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच जात नाही. असं असेल तर पुढे 'न उघडता' हा भाग आहे, तेवढाच वाचा. चित्र तरीही छान मिळेल.

हा उपद्व्याप कशासाठी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याला पोरं 'मुस्तफा' म्हणायची, तो गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्याचा बोर्ड ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं चित्र पाठवतो, सेकंदाला साधारण ६० वेळा. आडव्या रेघांचा वेग १५ किलोहर्ट्झच्या आसपास. आपला पाल पद्धतीचा टीव्ही १५.६२५ किलोहर्ट्झवर चालतो, अमेरिकेतला एनटीएससी १५.७३४ वर. म्हणजे या काळातला बहुतेक आर्केड बोर्ड आणि घरचा टीव्ही एकाच तालावर नाचतात. त्या वेळचे मॉनिटर टीव्हीच्याच नळ्यांवर बनायचे, त्यामुळे यात नवल काही नाही.

एलसीडीला हा ताल कळत नाही. मधे कन्व्हर्टर लावावा लागतो. चित्र दिसतं, पण ठिपके चुरगळल्यासारखे दिसतात आणि बटण दाबल्यावर ठोसा किंचित उशिरा बसतो. ज्याने काउंटरवर एकेक रुपया मोजून खेळ शिकला, त्याला तो उशीर दाताखाली खडा आल्यासारखा जाणवतो.

सगळेच बोर्ड चालत नाहीत, हेही आत्ताच पाहून घ्या. सेगाचे 'मॉडेल २' वरचे गेम २४ किलोहर्ट्झचे आहेत, ते साध्या टीव्हीवर दिसणार नाहीत. १९७९ चा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' रेघा ओढणाऱ्या वेगळ्याच जातीच्या मॉनिटरचा, तोही सोडून द्या. बाकी कॅपकॉम, नामको, आयरेम, डेटा ईस्ट, एसएनके यांचे ऐंशी-नव्वदच्या दशकांतले नेहमीचे बोर्ड १५ किलोहर्ट्झचेच.

टीव्ही निवडताना

अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्ल्यांत किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडे पिक्चर ट्यूबचे टीव्ही अजून निघतात. मी पाहतो ते असं :

चालू असलेलाच घ्यायचा. 'किरकोळ फॉल्ट आहे' असं सांगून गळ्यात मारलेला सेट दुरुस्त करण्यात मी दोन महिने घालवलेत. पडदा चालू करून एकरंगी निळा किंवा पांढरा दिसू द्या. कोपऱ्यात रंगाचे डाग, कडेला काळपट छटा, अक्षरं धूसर, अशा सेटची नळी थकलेली असते.

२१ इंच उत्तम. २९ इंची दोघांनी उचलावा लागतो आणि त्याचं सर्किटही जास्त गुंतागुंतीचं. १४ इंची सोपा, पण कॅबिनेटमध्ये बापुडवाणा दिसतो.

मागे पिवळ्या रंगाचं एव्ही सॉकेट हवंच. ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे आपला सिंक तिथूनच आत जाणार आहे. दुसरं, एव्ही सॉकेट असलेल्या सेटचा आतला ग्राउंड सहसा विजेच्या लाइनपासून तोडलेला असतो. 'सहसा' हा शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतो.

१०० हर्ट्झ म्हणून विकले गेलेले टीव्ही घेऊ नका. ते चित्र आधी आत साठवतात, मग दाखवतात. उशीर टाळायला निघालो आणि उशीरच विकत घेतला असं होतं.

न उघडता होणारं काम

२००० नंतरच्या बऱ्याच २१ इंची सेटमागे पिवळ्याच्या शेजारी हिरवं, निळं, लाल अशी तीन सॉकेट असतात. त्यांना आपण कॉम्पोनंट म्हणतो. लाल-निळं पाहून बोर्डाच्या तारा थेट तिथे खुपसू नका, ते आरजीबी नसतं. त्यात हिरव्यावर उजेड आणि सिंक, आणि बाकी दोनवर रंगांचे फरक जातात. आरजीबीचं कॉम्पोनंट करणारी तळहाताएवढी पाटी ऑनलाइन मिळते. तिला आरजीबी, सिंक आणि ५ व्होल्ट द्यायचे, तीन तारा टीव्हीला लावायच्या आणि काम झालं. खरं सांगायचं तर उघडून केलेल्या कामाच्या आणि याच्या चित्रात मला जेमतेम फरक दिसतो. तुमच्याकडे असा सेट असेल तर सरळ 'बोर्डाकडची बाजू' या भागाकडे जा.

एव्हीच्या एकाच पिवळ्या तारेत सगळं कोंबणारे एन्कोडरही मिळतात. लाल रंग ओघळतो, कडांवर मुंग्या चालतात. चाचणीपुरतं ठीक.

उघडण्याआधी : ग्राउंड गरम की थंड

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. काही सेटमध्ये, विशेषतः जुन्या, आतला संपूर्ण ग्राउंड ब्रिज रेक्टिफायरमधून थेट विजेच्या लाइनला जोडलेला असतो. मेकॅनिक त्याला हॉट चॅसिस म्हणतात. अशा टीव्हीचा ग्राउंड तुम्ही आर्केड बोर्डाला जोडलात की बोर्ड, जॉयस्टिक, कॉइन डोअर आणि त्याला टेकलेलं तुमचं पोर सगळं २३० व्होल्टच्या लाइनवर येतं.

तपासायचं असं. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, पण टीव्हीचं पॉवर बटण दाबलेलं ठेवा. प्लगच्या दोन्ही पिना एका तुकड्या तारेने एकत्र करा आणि त्यावर मीटरची एक पिन ठेवा. दुसरी पिन एव्ही सॉकेटच्या बाहेरच्या कडीवर. रेझिस्टन्स काही मेगाओहम किंवा अनंत यायला हवा. मग मीटर डायोडवर ठेवून पिना उलटसुलट करून पाहा. कोणत्याही दिशेने डायोडचा आकडा दिसला, ०.५ किंवा १ च्या आसपास, तर सेट गरम आहे. असा टीव्ही बाजूला ठेवा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून तो वापरता येतो, पण त्या ट्रान्सफॉर्मरच्या पैशांत दुसरा टीव्ही येतो.

सेट थंड निघाला तरी सप्लायच्या भागात एक गरम बाजू असतेच. बोर्डावर बऱ्याचदा जाड पांढरी रेघ मारून ती वेगळी दाखवलेली असते. त्या रेघेपलीकडे आपलं काही काम नाही, तिकडे हात न्यायचा नाही.

एक गोष्ट गोंधळात टाकते. थंड सेटच्या ग्राउंडला हात लावला तरी कधी कधी मुंग्या आल्यासारखं होतं. सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणारा तो किरकोळ प्रवाह असतो. त्याने माणूस मरत नाही, पण बोर्डावरची चिप मरू शकते. म्हणून टीव्ही आणि बोर्ड यांच्या तारा जोडणं-काढणं दोन्हीचे प्लग काढूनच करायचं.

नळी रिकामी करणं

मी हे काम एका म्हाताऱ्या टीव्ही मेकॅनिककाकांकडे शिकलो. त्यांचा पहिला धडा : "डावा हात खिशात. तो बाहेर दिसला तर मी तुला घरी पाठवीन." कारण साधं आहे. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो.

आत दोन ठिकाणी साठा असतो. पहिला नळीवर. तिच्या पाठीला चिकटलेल्या रबरी वाटीखाली, जिला मेकॅनिक 'ईएचटी कॅप' म्हणतात, २१ इंची सेटमध्ये सुमारे २५,००० व्होल्ट असतात. दुसरा सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये. २३० व्होल्टचं शिखर धरलं तर तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी. नळीचा झटका भयंकर वाटतो, पण माणसाच्या जिवावर उठतो तो बहुधा हा दुसरा.

प्लग काढून अर्धा तास थांबा. नळीच्या काळ्या पाठीवर एक उघडी, विणलेली तार ताणून बसवलेली दिसेल. मगरक्लिपची तार एका टोकाने तिला आणि दुसऱ्या टोकाने प्लॅस्टिकच्या मुठीच्या लांब, चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला लावा. एका हाताने स्क्रूड्रायव्हर रबरी वाटीच्या कडेखालून आत सरकवा, मधल्या धातूच्या हुकाला टेकेपर्यंत. 'टक्' असा आवाज येईल, किंवा नाही येणार. पाच मिनिटांनी पुन्हा टेकवा, कारण काचेत मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. क्लिप सर्किट बोर्डाच्या कुठल्याशा ग्राउंडला लावू नका, त्या झटक्याने आयसी जातात.

फिल्टर कपॅसिटरच्या दोन पायांवर मीटर धरा, डीसीच्या मोठ्या रेंजवर. व्होल्टेज शिल्लक असेल तर होल्डरमधल्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या दोन तारा त्यावर टेकवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे शूर वीर असतात. त्यांचं अनुकरण करू नका.

आता नळीची मान. काचेची ती बारीक नळी, जिच्या टोकाला छोटा बोर्ड खोचलेला असतो. माझा दुसरा सेट मी असाच गमावला. बोर्ड बाहेर ओढताना मानेवरचा बेस काढायला विसरलो. आवाज झाला तो 'सुस्स' एवढाच, सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा जावी तसा. फक्त इथे हवा बाहेर जात नव्हती, आत शिरत होती. तो टीव्ही त्या क्षणी संपला. आधी मानेवरचा बेस सरळ मागे ओढून काढायचा, मगच मोठा बोर्ड हलवायचा.

जंगल आयसी शोधणं

बोर्डावर चित्राचं काम करणारा एक मोठा, ५०-६० पायांचा आयसी असतो. मेकॅनिकांच्या भाषेत जंगल आयसी. त्यावरचा नंबर वाचा आणि त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उतरवून घ्या. त्या डेटाशीटमध्ये आपल्याला चार पिना हव्यात : लाल आत, हिरवा आत, निळा आत आणि ब्लँकिंग. ब्लँकिंग म्हणजे 'आता टीव्हीचं चित्र झाका आणि या तीन तारांवरचं दाखवा' असा हुकूम देणारी पिन. आवाजाची हिरवी रेघ याच चार पिनांनी उमटते.

सान्योच्या एलए७६८१० वर त्या १४, १५, १६ आणि ब्लँकिंगची १७. फिलिप्सच्या टीडीए८३६२ वर लाल, हिरवा, निळा २२, २३, २४ आणि ब्लँकिंग २१. तुमच्या आयसीचा नंबर एका अक्षराने जरी वेगळा असला तरी त्याचीच डेटाशीट पाहा. आणि 'आत' आणि 'बाहेर' यात गल्लत करू नका. आरजीबी बाहेर जाणाऱ्या पिना मानेवरच्या बोर्डाकडे जातात, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

इथे दोन निराशा संभवतात. काही एका-चिपच्या सेटमध्ये मायक्रोकंट्रोलर आणि जंगल एकाच आयसीत असतात आणि हिरवी रेघ आतल्या आतच तयार होते. त्यातल्या काही आयसींना बाहेरून आरजीबी घेणाऱ्या पिना वेगळ्या दिलेल्या असतात, काहींना फक्त कॉम्पोनंटच्या. दुसरी निराशा जुन्या सेटमध्ये : तिथले आरजीबी इनपुट फक्त चालू-बंद एवढंच समजतात. मग आठच रंग मिळतात आणि मुस्तफाचा चेहरा पिवळा ठोकळा दिसतो. डेटाशीटमध्ये इनपुट ०.७ व्होल्टच्या आसपासचा, चढउताराचा सिग्नल घेतो असं दिसलं की निर्धास्त व्हा.

म्हणूनच मी टीव्ही विकत घेण्याआधी मॉडेल नंबर लिहून आणतो, घरी सर्किट डायग्राम शोधतो आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा जातो. तोवर टीव्ही विकला गेला असेल तर गेला.

चार तारांची जोडणी

मायक्रोकंट्रोलरकडून येणाऱ्या तीन रेघा सर्किटवर शोधा. प्रत्येकीत एक रेझिस्टर आणि आयसीच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बहुधा असतोच. आपल्याला जोडायचं आहे ते कपॅसिटरच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे मायक्रोकंट्रोलरकडच्या पायाला.

त्या जागी प्रत्येक रंगासाठी दोन गोष्टी : बाहेरून येणारी तार, आणि तिथून ग्राउंडला ७५ ओहमचा रेझिस्टर. तीन रंगांना तीन. मूळ रेझिस्टर १ किलोओहम किंवा जास्त असेल तर तो तसाच राहू द्या. ७५ ओहमपुढे त्याचं काही चालत नाही. फक्त तुमची ती हिरवी रेघ यापुढे फिकी दिसेल, कारण तिचा बराचसा जोर या ७५ ओहममध्ये जातो. मेनू फारच पुसट वाटला तर ते मूळ रेझिस्टर थोडे कमी किमतीचे लावा.

ब्लँकिंगला टीव्हीतूनच ५ व्होल्ट घ्या. ५ व्होल्ट, मग एक छोटा स्विच, मग १ किलोओहम, मग ब्लँकिंगची पिन, आणि त्या पिनेपासून ग्राउंडला ४७० ओहम. यातून दीडएक व्होल्ट मिळतात. फिलिप्सच्या या जातीला १ ते ३ च्या मधलंच व्होल्टेज लागतं, ४ च्या वर गेलं तर ती आपलं चित्रही झाकते. इतर आयसींना किती लागतं ते डेटाशीट सांगेल, त्याप्रमाणे दोन रेझिस्टर बदला. मायक्रोकंट्रोलरकडून या पिनेकडे येणारी मूळ रेघ कापून तिथे १एन४१४८ डायोड टाका, काळी पट्टी जंगल आयसीकडे. मग मायक्रोकंट्रोलर पिन वर उचलू शकतो, पण तुमचा हुकूम खाली ओढू शकत नाही. स्विच बंद केला की टीव्ही पुन्हा साधा टीव्ही, बातम्या बघा.

तारा शिल्डवाल्या घ्या, एका बोटाएवढ्या लांबीच्या सोडल्या तर सगळ्याच. शिल्डचं टोक ७५ ओहमच्या ग्राउंडपाशीच सोल्डर करा. मागच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर भोक पाडून डी-टाइप ९ पिनांचं सॉकेट बसवलं की काम नेटकं दिसतं. तारा फ्लायबॅकपासून, म्हणजे त्या लाल जाड तारेच्या काळ्या डब्यापासून, लांब बांधा. नाहीतर चित्रात आडव्या लाटा येतात.

सिंकला आत काही करायचंच नाही. तो पिवळ्या एव्ही सॉकेटमधून जातो.

बोर्डाकडची बाजू

१९८५ पासून जपानी बोर्डांवर जामा नावाची एकसारखी जोडणी आली : ५६ पिनांचा कडेचा कनेक्टर, दोन्ही बाजूंना २८-२८, दोन पिनांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. चिप असलेल्या बाजूला आकडे, सोल्डरच्या बाजूला अक्षरं. लाल १२ वर, निळा १३ वर, चित्राचा ग्राउंड १४ वर. हिरवा आणि सिंक पाठीमागे, एन आणि पी वर. तयार हार्नेस, म्हणजे कनेक्टरसह तारांचा जुडगा, मिळतो, तारांना नावं चिकटवलेली असतात. त्या नावांवर विश्वास ठेवू नका, मीटरने पिन तपासा. कनेक्टर उलटा घातला तर सप्लाय भलत्याच पिनांवर जाऊन बोर्ड जळतो. ७ व्या जागी खाच आणि खिट्टी ठेवण्याची पद्धत त्याचसाठी आहे, ती नसेल तर बसवून घ्या.

जामाचा आरजीबी टीव्हीसाठी फार जोरकस असतो, बोर्डाप्रमाणे ३ ते ५ व्होल्टपर्यंत. टीव्हीला ७५ ओहमवर ०.७ हवेत. हिशेब सोपा आहे. ३ व्होल्ट धरले तर प्रत्येक रंगात साधारण २५० ओहम, ५ धरले तर ४६० ओहम मालिकेत लागतात. प्रत्येक बोर्ड वेगळा, म्हणून मी तीन रंगांना १ किलोओहमचे तीन प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारे छोटे रेझिस्टर) लावतो आणि डोळ्यांनी जुळवतो. सुरुवातीला तिन्ही पूर्ण किमतीवर ठेवा, म्हणजे चित्र अंधूक दिसेल, पण काही जळणार नाही.

सिंकच्या तारेत ४७० ओहम टाकून ती पिवळ्या सॉकेटच्या मधल्या पिनेला, ग्राउंड कडीला. जामाच्या आधीचे काही बोर्ड आडवा आणि उभा सिंक वेगवेगळ्या पिनांवर देतात. ते ७४एलएस८६ आयसीच्या एका गेटमधून एकत्र करावे लागतात.

आवाज टीव्हीत नेऊ नका. जामाच्या १० आणि एल या पिनांवर अँप्लिफायरमधून निघालेला, थेट स्पीकरचा आवाज असतो. बऱ्याच बोर्डांत त्याची वजा बाजूसुद्धा ग्राउंड नसते. टीव्हीच्या ऑडिओ सॉकेटला लावलात तर बोर्डाचा अँप्लिफायर जाईल. ८ ओहमचा साधा स्पीकर लावा.

सप्लाय ५ व्होल्टचा. सप्लायवरचा प्रीसेट फिरवून तो बोर्डाच्या कडेवर मोजताना ५ ते ५.१ यायला हवा, सप्लायच्या टोकावर नव्हे. तारांमध्ये व्होल्टेज पडतं आणि ४.७ ला बोर्ड वेड्यासारखा रिसेट होत राहतो. मग माणूस टीव्हीला दोष देत बसतो.

पहिल्यांदा चालू करताना

टीव्ही सिरीज बल्बवर चालू करा. १०० ते २०० वॉटचा पिवळा बल्ब टीव्हीच्या लाइनमध्ये मालिकेत. बल्ब क्षणभर झगझगून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आधी ब्लँकिंगचा स्विच बंद ठेवून नेहमीचा टीव्ही दिसतो का पाहा. दिसला की सिरीज बल्ब काढा, दोन्हीचे प्लग काढून बोर्ड जोडा, टीव्ही एव्हीवर घ्या, मग बोर्ड चालू करा. आता पडदा काळा दिसायला हवा, कारण पिवळ्या तारेवर फक्त सिंक आहे, चित्र नाही. मग स्विच चालू करा.

निळा पडदाच दिसत राहिला तर बहुतेक वेळा टीव्हीला सिंक पटलेला नसतो. सिंकच्या तारेतल्या ४७० च्या जागी ३३० ओहम लावून पाहा. बऱ्याच सेटमध्ये सिग्नल नसताना निळा पडदा दाखवायची सोय मेनूमध्ये बंद करता येते, ती बंदच ठेवा. रंग अदलाबदल झालेले असतील तर दोन तारा उलट लागल्यात, एवढंच. चित्र दिसतं पण पांढरं फटक आणि ओघळलेलं, तर आरजीबी जोरात आहे, प्रीसेट वाढवा. सगळं दिसतं पण एकच रंग नाही, तर त्या रंगाचा सोल्डर आधी बघा, नंतर आयसीला शिव्या द्या. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकत असेल तर काही बोर्डांचा सिंकच तसा असतो. दुसऱ्या एव्ही इनपुटवर नेऊन पाहा, कधी कधी तेवढ्याने सरळ होतं.

प्रीसेट जुळवताना गेमचा टेस्ट मोड वापरा. बहुतेक बोर्डांवर टेस्टचा स्विच किंवा पिन असते आणि आत रंगांच्या पट्ट्या असतात. पांढरी पट्टी पांढरी दिसेपर्यंत तिन्ही थोडेथोडे फिरवा. रात्री, ट्यूबलाइट बंद करून.

उभी उंची आणि चित्राची आडवी जागा टीव्हीच्या सर्व्हिस मेनूमधून, म्हणजे मेकॅनिकांसाठीच्या दडवलेल्या मेनूमधून, सरकवता येते. त्यात शिरण्याआधी सगळे आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा मी एक आकडा 'बघू तरी' म्हणून बदलला आणि पडद्यावर एकच आडवी रेघ उरली. मेनूही त्या रेघेतच. चित्राची रुंदी मात्र साध्या २१ इंची सेटमध्ये मेनूत मिळेलच असं नाही. कडेचे दोन-चार ठिपके फ्रेममागे गेले तर जाऊ द्या, त्याकरता बी प्लसचं, म्हणजे सप्लायमधून निघणारं मुख्य व्होल्टेज छेडू नका.

आयरेमचा 'आर-टाइप' ५५ हर्ट्झच्या आसपास चालतो, 'मॉर्टल कॉम्बॅट'ही तसाच. ५० की ६० हे ठरवताना काही टीव्ही अशा बोर्डांपुढे गोंधळतात आणि चित्र वरखाली थरथरतं. मेनूत ५० किंवा ६० सक्तीने निवडता येत असेल तर ते करा. जमलं नाही तर दुसरा टीव्ही.

उभे गेम

'पॅकमॅन', 'गॅलागा', '१९४२' हे उभ्या पडद्याचे. त्यासाठी टीव्ही कुशीवर निजवावा लागतो. आडवा केल्या केल्या चालू केला तर कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग दिसतील. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी नळीचा कोन बदलल्याने ते येतात. टीव्ही मेन स्विचपासून पूर्ण बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या, मग चालू करा. पहिल्या क्षणी जो 'धम्म' आवाज येतो तो डीगॉसिंग कॉइलचा. ती आत लपेटलेली असते आणि थंड असतानाच नीट काम करते. दोन-तीनदा असं केलं की डाग जातात. स्पीकरचं चुंबक नळीच्या जवळ असेल तर मात्र जाणार नाहीत, म्हणून कॅबिनेटमधला स्पीकर शिल्डवाला घ्या किंवा वर, लांब बसवा.

कुशीवर निजवताना फ्लायबॅक आणि सप्लायचे हीटसिंक वरच्या बाजूला येतील अशी कुशी निवडा. उष्णता वर जाते, आणि हे दोन गरम भाग खाली आले तर वरचा सगळा बोर्ड त्यांच्या धगीत भाजत राहतो. मागचं झाकण काढून टीव्ही कॅबिनेटमध्ये बसवायचा असेल तर फळीला वर आणि खाली जाळ्या ठेवा. कॅबिनेटच्या मागच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. आत २५,००० व्होल्ट आहेत आणि बाहेर, एक फुटावर, 'आता माझा चान्स' म्हणत कोणीतरी उभं असणार आहे.